तीन दिवसांचं सेविया: या चुका टाळा

संध्याकाळचे साडेसहा. सकाळच्या टोस्टनंतर एका बाकावर बसून खाल्लेल्या चकल्या सोडल्या तर पोटात काही नाही. दिसेल त्या हॉटेलात आम्ही तिघं डोकावत होतो: मी, नवरा आणि सासूबाई. चौथ्या ठिकाणी एक वेटर टेबलं पुसत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मनगटावर बोट ठेवलं आणि आठ बोटं दाखवली. मग जरा विचार करून हात हलवला, म्हणजे साडेआठ धरा.

इंग्रजीतल्या सेव्हिलला तिथली माणसं सेविया म्हणतात. स्पेनच्या दक्षिणेतलं, आंदालुसियातलं हे शहर तीन दिवसांत छान पाहून होतं. बहुतेकांचा पचका होतो तो आपलं घड्याळ सोबत घेऊन गेल्यामुळे. साडेबाराला जेवण, साडेचारला चहा, आठला पुन्हा जेवण ही आपली सवय तिथे थेट उपाशी ठेवते. दुपारचं जेवण दोन ते चार. चारला स्वयंपाकघर बंद. रात्रीचं साडेआठच्या पुढे, आणि तेव्हाही तुम्ही पहिलं गिऱ्हाईक असता. स्थानिक मंडळी साडेनऊला येतात.

म्हणून दिवस असा लावा. सकाळी साडेनऊच्या आसपास मोठं स्थळ, दोनला भरपेट जेवण, मग सरळ खोलीवर जाऊन आडवं व्हा. यात लाजण्यासारखं काही नाही, बरीच दुकानंही दुपारी दोन ते पाच बंदच असतात. सहानंतर पुन्हा बाहेर. प्लासा दे एस्पान्या तेव्हाच पाहावा. 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या त्या अर्धवर्तुळाकार इमारतीवर उतरतं ऊन पडतं आणि स्पेनच्या एकेका प्रांताचा रंगीत टाइल्सचा कोनाडा उजळतो. मधल्या वेळेत भूक लागलीच तर कॉफी आणि चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, किंवा एखाद्या बारच्या काउंटरवरचा थंड खाऊ. पाटीवर ‘कोसिना इनिंतेरुंपिदा’ असेल तर स्वयंपाकघर दिवसभर चालू आहे असं समजा. रविवारी सुपरमार्केटंही बहुतेक बंद असतात, तेव्हा फळं-दही शनिवारीच आणून ठेवा.

दुसरी चूक तिकिटाची. आल्कासार हा राजवाडा तुम्ही पाहणारच, आणि ‘तिथे गेल्यावर काढू’ म्हणालात तर रांगेतच राहाल. प्रवेश ठरलेल्या वेळेचा असतो. अधिकृत संकेतस्थळावरून दोन-तीन आठवडे आधी तिकीट काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. सोमवारी शेवटच्या वेळेत मोफत प्रवेश असतो, पण त्याचं आरक्षणही आधीच संपतं. सगळी तिकिटं गेली असतील तर अधूनमधून पुन्हा संकेतस्थळ उघडून पाहा, एखाद-दुसरी सुटतात. तेही जमलं नाही तर कासा दे पिलातोस या जुन्या वाड्यात जा. तसेच टाइल्सचे चौक, तसंच लाकडी छत, आणि गर्दी निम्म्याहून कमी. मला तर खरं सांगायचं तर तोच जास्त आवडला.

कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांना दुपारनंतरच खुलं होतं, एवढं ध्यानात ठेवा. शेजारचा हिराल्दा मनोरा गुडघ्यांच्या भीतीने टाळू नका. मुळात तो बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. वर जायला जिन्याऐवजी पस्तीस उतार आहेत, अजान देणाऱ्याला घोड्यावरून चढता यावं म्हणून. पायऱ्या काय त्या शेवटी थोड्या. सासूबाई प्रत्येक वळणावरच्या खिडकीशी थांबत, गावाकडे बघत, निवांत वर पोचल्या. आम्हीच मागे धापा टाकत होतो.

आता खाण्याचं. सर्वात जास्त घोटाळे इथेच होतात.

पहिला घोटाळा मापाचा. मेन्यूत एकाच पदार्थाला तीन भाव दिसतात: तापा, मेदिया रासिओन, रासिओन. तापा म्हणजे वाटीभर, मेदिया रासिओन दोघांत पुरेल इतकं, रासिओन म्हणजे परातच. आपण सवयीने तीन माणसांना तीन डिश सांगतो आणि टेबलावर तीन पराती येतात. आधी दोन-तीन तापा मागवा, खा, मग पुढचं. एकाच बारमध्ये पोट भरायचं नसतं. दोन खाऊन पुढच्या दारात जायचं, ही तिथली रीत. काही ठिकाणी तापा फक्त काउंटरवर मिळतात आणि टेबलावर बसलं की मोठी डिशच घ्यावी लागते, तेही विचारून घ्या.

दुसरा घोटाळा शाकाहाराचा. ‘मांस नको’ म्हणजे ‘सिन कार्ने’ एवढं सांगून चालत नाही. खामोन, म्हणजे डुकराचं मुरवलेलं मांस, तिथे मीठ-मसाल्यासारखं पडतं. आम्ही साल्मोरेखो मागवलं. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं दाट, थंड सार. वाटी आली, नारिंगी रंगाची, देखणी, आणि वर उकडलेल्या अंड्याचा कीस नि खामोनचे तुकडे भुरभुरलेले. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. चूक आमची, तसं सांगायला हवं होतं: ‘सिन खामोन, सिन उएवो, सिन आतून’, म्हणजे खामोन नको, अंडं नको, ट्यूना नको. ट्यूना का, तर एन्सालादिया नावाच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये तो हमखास असतो. क्रोकेतास, म्हणजे तळलेले मऊ रोल, बहुतेक खामोनचेच. फरसबी किंवा वाटाण्याची भाजी मागवली तरी त्यात खामोन निघू शकतं. तोर्तिया दे पतातास म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकन पोळी नव्हे. आणि मान्तेकादोससारख्या बिस्किटांत डुकराची चरबी असते, ती भेट म्हणून गावी आणण्याआधी विचार करा.

मग खायचं काय? एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. पालक आणि काबुली चणे, लसूण, जिरं, लाल मिरचीपूड, वरून तळलेल्या पावाचे तुकडे. हा पदार्थ सेवियाचा स्वतःचा आहे आणि पहिला घास घेताच जिऱ्याच्या वासाने माणूस घरी पोचतो. सासूबाईंनी दोन वाट्या संपवल्या आणि ‘यात जरा गूळ हवा होता’ असा शेरा मारला. दुसरं, बेरेन्खेनास कोन मिएल: वांग्याचे तळलेले काप, वर उसाची दाट काकवी. गूळ तिथे मिळाला. मात्र ज्या तेलात वांगी, त्याच तेलात मासेही तळतात. कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं.

मासे खाणाऱ्यांना अर्थातच चैन आहे. आपल्या मालवणी-गोवेकर मंडळींना तळलेले बोकेरोनेस, म्हणजे बोटाएवढे मासे, मोदकासारखे संपवताना मी पाहिलंय. पण दारात रंगीत फोटोंची पाटी लावून पाएया हा भाताचा प्रकार विकणारं हॉटेल दिसलं की पुढे चला. पाएया वलेन्सियाची, इथली नव्हे. आम्ही एका ठिकाणी फसलो, भात मधे गार नि कडेने कोरडा. नदीपलीकडे त्रियानात, पुलाच्या टोकाशी असलेल्या मंडईत जेवलो असतो तर बरं झालं असतं.

पाणी मागताना ‘आग्वा देल ग्रिफो’, म्हणजे नळाचं, असं सांगा. ते पिण्याजोगं असतं आणि 2022 च्या कायद्यानुसार हॉटेलांना ते फुकट द्यावं लागतं. पाव-बिस्किटं न मागता आली तरी बिलात लागू शकतात. नको असतील तर लगेच परत करा.

तीन दिवसांत ग्रानादा, कोर्दोबा आणि सेविया असा बेत कुणी विकला तर नको म्हणा. आम्हाला एका पर्यटन कंपनीने तोच विकायचा प्रयत्न केला होता. माद्रिदहून जलद रेल्वेने सेविया अडीच तास, कोर्दोबा तिथून पाऊण तास. तेवढं जमतं. ग्रानादाच्या आलांब्रा राजवाड्याला स्वतंत्र मुक्काम लागतो.

हंगामाचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा विदर्भातून आलेल्यालाही मजा वाटत नाही. दिवाळीची सुट्टी उत्तम. मेच्या सुट्टीत जायचं तर पहिल्या पंधरवड्यात. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा या दिवसांत खोल्यांचे भाव काही पटींनी चढतात आणि जत्रेतले बहुतेक मांडव खाजगी असतात, निमंत्रणाशिवाय आत जाता येत नाही.

हॉटेल सांता क्रूस या जुन्या वस्तीच्या बोळांत घेतलं असेल तर टॅक्सी दारापर्यंत येत नाही, दगडी फरशीवर चाकांची बॅग ओढायची तयारी ठेवा. कॅथेड्रलजवळ एखादी बाई रोझमेरीची डहाळी हातात कोंबते आणि भविष्य सांगायला लागते. हात मागे घ्या, नंतर पैसे मागितले जातात. रस्त्यावरच्या झाडांची संत्री तोडू नका, कडू असतात. नवऱ्याने तरी एक सोलून चाखलंच.

कार्डाच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो दाबा. रुपये दाबलेत की दर त्यांचा लागतो आणि तो महागच पडतो.

शेवटची चूक बिलाची वाट पाहत बसण्याची. तिथे मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, तो उद्धटपणा समजतात. ‘ला कुएन्ता, पोर फावोर’ म्हणा. पैसे देणे याला स्पॅनिशमध्येही ‘पागार’च म्हणतात. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला आणि दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी. एल रिंकोन्सियो या 1670 पासूनच्या बारमध्ये तर कागदच नसतो. मालकाचा माणूस लाकडी काउंटरवर खडूने आकडे मांडत जातो. आमचे तीन पदार्थ, दोन वाइन, एक पाणी, सगळं हाताच्या वीतभर जागेत. पैसे दिले, त्याने ओल्या फडक्याने आकडे पुसले आणि तिथेच पुढच्या गिऱ्हाईकाचा हिशेब मांडायला घेतला.