दगडफुलाचा अर्क आतड्यावर तपासताय? या चुका टाळा

दगडफुलाच्या अर्कानं आतडं ढिलं पडतं का, हे बाहेर काढलेल्या आतड्याच्या तुकड्यावर तपासता येतं. पण मंडईतून आणलेलं दगडफूल तसंच अर्काला घालू नका. पुडीत बहुधा अनेक जातींची सरमिसळ असते, शिवाय सालीचे तुकडे. जात बदलली की रसायनं बदलतात. उस्निक ॲसिड हे दगडफुलातलं रसायन सगळ्या दगडफुलात असतं असं धरून चालणं तर साफ चूक. ते उस्निया या प्रकारात भरपूर, मसाल्याच्या पार्मोट्रेमा परलॅटममध्ये मात्र मुख्यतः स्टिक्टिक ॲसिड आणि ॲट्रानोरिन. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांवर बरंच काम झालंय, तेव्हा आधी जात जाणकारांकडून पक्की करून घ्या.

पाण्यात उकळू नका. ही ॲसिडं पाण्यात जेमतेम विरघळतात. साध्या तापमानाला ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा.

टायरोड, म्हणजे आतड्याचा तुकडा जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण, पांढरं, गढूळ झालं, तर कॅल्शियम क्लोराइड बायकार्बोनेटच्या दाट द्रावणात पडलंय. ते वेगळं विरघळवून, उरलेलं द्रावण जवळजवळ लिटरभर झाल्यावर, सगळ्यात शेवटी घाला. कोंबडीच्या आतड्याचा २-३ सेंमी तुकडा, ३७ अंश, १ ग्रॅम ताण, किमान ३० मिनिटं स्थिरावू द्या आणि दर १० मिनिटांनी द्रावण बदला.

अर्काचा थेंब पडताच बाथमध्ये, म्हणजे तुकडा टांगलेल्या टायरोडच्या भांड्यात, धुरकट ढग दिसला, तर अर्क विरघळलेलाच नाही. तो डोस मोजू नका. ॲसिटोन उडवून उरलेला अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि २० मिली बाथमध्ये त्यातलं २० मायक्रोलिटरच घाला, म्हणजे ०.१ टक्का. नुसत्या डीएमएसओचा आलेख प्रत्येक तुकड्यावर काढायलाच हवा.

खरी फसगत पुढे आहे. उस्निक ॲसिड मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातली, एटीपी या ऊर्जारेणूची निर्मिती मोडतं. एटीपी संपत आलं की अनैच्छिक स्नायू ढिला पडतो आणि आलेखावर ते हुबेहूब औषधी शिथिलतेसारखं दिसतं. म्हणून तीनदा धुवा आणि आतडं आकुंचित करणाऱ्या ॲसिटिलकोलिनचा, अर्काआधी दिलेला तोच डोस परत द्या. आकुंचन पहिल्याइतकं परतलं नाही, तर ते विषारीपणाचं लक्षण समजा. ही पायरी गाळलेल्या निष्कर्षावर आम्ही तरी विश्वास ठेवत नाही.

दाह तपासायला वापरतात त्या उंदराच्या रॉ २६४.७ पेशींतही हाच सापळा. एलपीएस या जिवाणूंच्या घटकानं चेतवल्यावर त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात, ते नायट्राइट म्हणून मोजतात. नायट्राइट घटलं म्हणजे दाह कमी झाला असं नाही, पेशी मेल्या तरी ते घटतं. वरचं द्रव नायट्राइट मोजणाऱ्या ग्रीस चाचणीसाठी काढा, त्याच प्लेटवर जिवंत पेशी दाखवणारी एमटीटी चाचणी करा. पण एमटीटीचा रंग बराचसा मायटोकॉन्ड्रियावरच अवलंबून, त्यामुळे उस्निक ॲसिडसाठी जोडीला एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या विकराची चाचणी, हवीच.

पाण्यातल्या पॉलिसॅकराइड अर्कानं एलपीएस न देताच नायट्राइट वाढलं, तर अर्कात जिवाणूंचं एलपीएस असू शकतं. ऑटोक्लेव्हनं ते जात नाही. एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून चाचणी पुन्हा करा. वाढ थांबली, तर अर्क बाद.