ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेकडे, म्हणजे खालच्या सभागृहाकडे, अर्ज धाडायचा तर (१८५० च्या सुमाराची रीत)

आधी ज्या विधेयकावर अर्ज करायचा ते कोणते ते पाहावे. एखाद्या रेल्वे किंवा कालवा कंपनीच्या कामापुरते असेल, तर ते खाजगी. त्याला विरोध करणाऱ्याला आपली जमीन किंवा हक्क बुडतो हे दाखवावे लागते, तेव्हा कुठे समिती ऐकून घेते. वकील आणि फी वेगळीच. पुढची रीत आहे ती सार्वजनिक अर्जाची. तो कोणालाही करता येतो.

अर्ज हातानेच लिहावा. छापील किंवा शिळाप्रेसवर काढलेला अर्ज सभा घेत नाही. वर सभेला उद्देशून ठरावीक मायना, मग अर्जदार कोण ते, मग हकीकत आणि शेवटी नेमके मागणे. मागणे नसेल तर तो नुसता निषेध, अर्ज नव्हे; तो स्वीकारला जात नाही. सरकारी तिजोरीतून पैसा मागू नये, त्याला राणीच्या वतीने शिफारस लागते. सभेत कोण काय बोलले याचा उल्लेख टाळावा. खाडाखोड नको, ओळींमध्ये घुसडलेले शब्द नकोत, सोबत पत्रे किंवा प्रतिज्ञापत्रेही जोडू नयेत. आकडे आणि दाखले अर्जाच्या पोटातच घालावेत. भाषा नम्र हवी, मग राग कितीही असो.

घोटाळा होतो तो सह्यांत. ज्या तावावर मागणे लिहिले, त्याच तावावर निदान एक सही हवीच. पुढे कोरे ताव जोडता येतात, पण दुसरीकडे घेतलेल्या सह्या कापून चिकटवलेल्या चालत नाहीत. सही ज्याची त्याने करावी. आजाऱ्यापुरती सवलत आहे. लिहिता न येणाऱ्याने साक्षीदारांसमोर खूण करावी. आपल्याकडे कुणबी नांगराची निशाणी करी, तिकडे फुली. संस्थेचा अर्ज असेल तर तिची मोहोर लागते.

आकडा फुगवू नये. १८४८ च्या चार्टिस्टांच्या, म्हणजे कामकऱ्यांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीच्या, अर्जावर सुमारे ५७ लाख सह्या असल्याचा दावा होता. कारकुनांनी मोजल्या तेव्हा १९,७५,४९६ भरल्या. त्यांत खोट्या नावांनी राणी व्हिक्टोरिया होती, ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते, ‘चपटे नाक’सुद्धा होते, कित्येक ताव एकाच हातचे. वीस लाखांजवळ जाणारा मोजलेला आकडा काही लहान नव्हता, पण त्या दिवसापासून अर्जाची थट्टाच झाली.

सादर करायला सभासद हवा. तो अर्जाच्या सुरुवातीला आपले नाव लिहितो; स्वतःचा अर्ज मात्र त्याला स्वतः मांडता येत नाही. टपालाने त्याच्याकडे पाठवायचा तर ३२ औंसांच्या आत, उघडा किंवा दोन्ही बाजू मोकळ्या ठेवलेल्या वेष्टनात. मग टपालखर्च पडत नाही. लॉर्ड्सच्या, म्हणजे वरच्या, सभेलाही कळवायचे असेल तर मायना बदलून, नव्याने सह्या घेऊन दुसरा अर्ज करावा.

वेळ साधावी. दुसऱ्या वाचनाआधी, म्हणजे विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होण्याआधी, पोचलेला अर्ज कामाचा. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५४ मध्ये संपायची होती; मुंबईच्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेने पार्लमेंटकडचा अर्ज १८५२ मध्येच केला, तो याच हिशेबाने.

सभेत भाषणाची अपेक्षा ठेवू नये. १८४२ च्या नियमांनंतर सभासद अर्जदार कोण, सह्या किती, मुद्दे कोणते एवढे सांगतो, मागणे वाचतो आणि बसतो. तिथून अर्ज १८३३ पासून चालत आलेल्या सार्वजनिक अर्जांच्या समितीकडे जातो. ती सह्या मोजून अहवालात नोंद करते आणि निवडक अर्जांचा मजकूर पुरवणीत छापते. त्या पुरवणीत जागा मिळावी असे वाटत असेल, तर इतरांचा मसुदा उतरवून काढू नये. आपल्या गावची हकीकत लिहावी.