लॅपटॉपचं वायफाय बंद पडलंय? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. येतात ते बहुतेक आठ-दहा वर्षं जुने लॅपटॉप. कॉलेजच्या पोरांना मोठ्या भावाकडून मिळालेले, नाहीतर कंपनीने काढून टाकल्यावर अंबडच्या कुणीतरी स्वस्तात उचललेले. "दादा, वायफायचं कार्ड उडालंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली पुढचं बोलणं न ऐकताच लॅपटॉप उलटा करून त्याच्या कडा बघायला लागतो. खरोखर उडालेलं कार्ड क्वचित सापडतं. बाकीची नुसती बंद केलेली असतात. बंद कुणी केलं हे मात्र कुणालाच माहीत नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: आधी फॉरमॅट

दिंडोरीकडचे एक काका आले होते, द्राक्षबागायतदार. रेक्झिनच्या बॅगेत मुलाचा जुना थिंकपॅड. एके दिवशी अचानक वायफाय गेलं, तसं त्यांनी तो गावाजवळ एकाला दाखवला. त्याने विंडोज खराब झालंय म्हणून फॉरमॅट मारला. वायफाय काही आलं नाही. मग दुसऱ्याने मदरबोर्ड गेलाय असं सांगून चार आकडी खर्च काढला. काका वैतागून माझ्याकडे आले.

त्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्याच्या खाली, नखाएवढी सरकपट्टी होती. मी ती नखाने सरकवली. टक् असा आवाज झाला, वायफायचा दिवा लागला आणि खालच्या पट्टीत नेटवर्कची यादी आली. बॅगेतून काढता-घालताना ती पट्टी चेनला अडकून सरकली होती, बस्स.

काका हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, त्यात दोन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी होत्या." निर्यातीच्या मालाला कुठलं औषध कधी मारलं याची नोंद लागते, ती सगळी एक्सेलमध्ये ठेवलेली. मी दोन रात्री रिकव्हरी लावली. जुनी एक फाईल आणि लग्नाचे फोटो मिळाले, चालू हंगामाचं काही हाती आलं नाही. वहीतून पुन्हा भरावं लागलं. त्या दिवसापासून "आधी फॉरमॅट मारून बघू" म्हणणाऱ्यावर मी सरळ चिडतो.

फॉरमॅटने आणखी एक घोळ होतो. बऱ्याच लॅपटॉपांत वायफायचं बटण एफएन (Fn) की दाबून चालतं आणि त्यासाठी कंपनीचं छोटं हॉटकी सॉफ्टवेअर लागतं. फॉरमॅटमध्ये तेच उडतं. म्हणजे वायफाय चालू करायची किल्ली तुम्ही आपल्या हाताने विहिरीत टाकता, आणि वर "बटण पण गेलं" असं सांगत येता.

बटण दाबायचीही पद्धत असते

जुन्या थिंकपॅडमध्ये सरकपट्टी पुढच्या कडेला किंवा उजवीकडे असते, डेल लॅटिट्यूडच्या बऱ्याच मॉडेलना बाजूला. एचपीत वरच्या ओळीतल्या बटणावर दिवा असतो, तो नारिंगी दिसला म्हणजे वायफायचा रेडिओ बंद. डेल इन्स्पिरॉनला बहुधा एफएन आणि एफ२, लेनोव्होला एफएन आणि एफ५, एसरला एफएन आणि एफ३. मॉडेलगणिक बदलतं, बटणावरचं अँटेनाचं चित्र बघा.

उतावळी पोरं हे बटण तबला वाजवावा तसं बडवतात. ते चालू-बंद, चालू-बंद होतं आणि शेवटी बंदवर थांबतं. काही मॉडेलांत तर तीन पायऱ्या आहेत: दोन्ही चालू, नुसतं ब्लूटूथ चालू, सगळं बंद. एकदा दाबा, दहापर्यंत मोजा, दिवा बघा. मग पुन्हा.

एअरप्लेन मोड बघा. हे लिहायचीही लाज वाटते, पण बघा.

मग विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशिनातल्या सगळ्या भागांची यादी. कार्डाच्या नावावर खाली तोंड केलेला बाण असेल तर ते फक्त डिसेबल आहे. राइट क्लिक, एनेबल, काम संपलं. आत स्थितीत कोड २२ लिहिलेला असतो, त्याचाही अर्थ तोच. पिवळा त्रिकोण असेल तर भानगड ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही, कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. कार्ड यादीतच नसेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) शिरा, तिथे वायरलेसची वेगळी ओळ असते आणि ती डिसेबल करून ठेवलेली मी कंपन्यांच्या जुन्या मशिनांत कितीदा तरी पाहिली आहे.

ड्रायव्हरसाठी "नेटच नाही तर डाउनलोड कसा करू?" असं विचारणाऱ्यांनी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळतं. आणि सगळे ड्रायव्हर एका दमात टाकून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी असतो, त्यात व्हेन (VEN) शब्दापुढचे चार आकडे-अक्षरं वाचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तेवढाच घ्या.

लिनक्सवाल्यांना आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही आज्ञा पुरते. सॉफ्ट ब्लॉक्डपुढे यस असेल तर आरएफकिलनेच अनब्लॉक करा. हार्ड ब्लॉक्डपुढे यस असेल तर आधी बटण शोधा, तिथे कितीही आज्ञा मारल्या तरी ते ऐकत नाही.

शट डाउन करून पुन्हा चालू केल्याने फरक पडला नाही म्हणता? विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण होतच नाही. रीस्टार्ट द्या. त्याने नाही झालं तर मशीन बंद करा, चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. अडकून बसलेली कितीतरी कार्डं एवढ्यावर उठतात. मी पैसे घेत नाही त्याचे, फक्त चहा.

पेचकस घेऊन बसणारे

ही माझी स्वतःची चूक, नवीन होतो तेव्हाची. कॉलेज रोडच्या एका मुलीचा एचपी प्रोबुक. मी हुशारी करून चांगलं इंटेलचं कार्ड मागवलं, बसवलं आणि चालू केलं. काळ्या पडद्यावर १०४ नंबरची एरर: हे वायरलेस कार्ड चालणार नाही, काढा आणि रीस्टार्ट करा. त्या काळच्या एचपी आणि थिंकपॅडच्या बायॉसमध्ये ठराविक कार्डांचीच यादी असते, बाहेरचं कार्ड दिसलं की मशीन पुढेच जात नाही. थिंकपॅडमध्ये हाच नकार १८०२ नंबरने येतो. घाईघाईत जुनं कार्ड परत लावताना अँटेनाच्या वायरीचं टोक मोडलं. ते टोक मोहरीच्या दाण्याएवढं असतं, आणि असे जोड साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतेच बनवलेले असतात. वायर धरून ओढायची नसते. टोकाखाली नख घालून सरळ वर उचलायचं, बसवताना बरोबर वर धरून बोटाने दाबायचं, हलकंसं क्लिक जाणवतं. स्क्रीनमधून येणारी ती अख्खी अँटेना मला खिशातून बदलावी लागली.

आणि टेपवाले! व्हिडिओ बघून कार्डाच्या २० नंबरच्या पिनेवर टेप चिकटवतात. मिनी पीसीआय एक्स्प्रेस (जुन्या लॅपटॉपांतल्या) कार्डात रेडिओ बंद करण्याचा हुकूम त्या पिनेतून येतो, ती झाकली की स्विच काहीही म्हणो, कार्ड चालू राहतं. जुगाड खरा आहे. स्विच मोडून आत पडला असेल तर मीही करतो, पण उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने आणि भिंगाखाली. साध्या सेलोटेपचा गोंद उष्णतेने पघळतो, आणि जरा सरकला तर शेजारची २२ नंबरची रीसेटची पिन झाकली जाते. मग कार्ड उठतच नाही. स्विच धडधाकट असताना टेप लावायचं कारण मला अजून कुणी पटवलेलं नाही.

शेजाऱ्याचं वायफाय दिसतं आणि आपलंच दिसत नाही? तुमचं कार्ड ठणठणीत आहे. जुन्या सिंगल बँड कार्डांना ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही, राउटरवर २.४ चालू करा. राउटरवर वायफायची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर ती डब्ल्यूपीए२ करा. आणि वायफाय जोडलंय पण प्रत्येक साइट असुरक्षित दाखवतेय, तर तारीख बघा, बायॉसचा बटण सेल संपला असेल.

एवढं करून कार्ड खरंच मेलेलं निघालं तर नखाएवढा यूएसबी डोंगल लावा, मदरबोर्डच्या नादी लागू नका. जुनं कार्ड अधूनमधून जिवंत होऊन गोंधळ घालत असेल तर मी ते डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करतो, आणि लॅपटॉपच्या पोटावर तारखेसकट चिठ्ठी चिकटवतो: "आतलं वायफाय मुद्दाम बंद केलं आहे." एकदा अशी चिठ्ठी लावायला विसरलो, तर सहा महिन्यांनी तेच मशीन बाण दाखवत माझ्याच टेबलावर आलं, आणि कुणी बंद केलं म्हणून मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो.