उल्हासच्या खाडीत नवख्यांना कयाकिंगला नेण्यापूर्वीची तयारी

मागच्या जानेवारीत ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या दहा नवख्या मंडळींना मी उल्हास नदीत कयाकिंगला नेले. लाइफ जॅकेट, पिण्याचे पाणी, टोप्या, प्रथमोपचाराची पेटी, सगळे मोजून घेतले होते. ओहोटीची वेळ तेवढी पाहिली नव्हती. साडेनऊला उतरलो तेव्हा पाणी जेट्टीच्या पायरीला लागलेले आणि अगदी संथ होते, त्यामुळे सगळ्यांचा जीव रमला. बारा वाजता परत आलो, तर पायरी आणि पाणी यांच्यामध्ये तीस-पस्तीस पावले नुसता चिखल पसरला होता. माझा सोळा वर्षांचा पुतण्या चालत जाऊ म्हणून उतरला आणि तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत रुतला. एक पाय उपसायला जावे तर दुसरा आणखी खाली जात होता. किनाऱ्यावरच्या एका कोळीदादांनी फळ्या टाकून आणि दोर फेकून आधी त्याला व मग एकेकाला बाहेर काढले, त्यात दीड तास गेला. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "आज तिथी कोणती, ते बघून आला होतात का?" मी बघून आलो नव्हतो. म्हणून या यादीची सुरुवात तिथूनच करतो.

कल्याणच्या खाली उल्हास नकाशावर नदी असली तरी तिचे पाणी खाडीसारखे वागते. कल्याण एके काळी बंदर होते ते याच भरतीच्या पाण्यावर. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि गेल्या रविवारची वेळ या रविवारी मुळीच चालत नाही. कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब पडताळ्यापुरता ठेवावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी. तक्त्यातही सावध राहावे, कारण मुंबईची म्हणून छापलेली वेळ बहुधा गेटवेजवळच्या अपोलो बंदराची असते आणि खाडीत आत भरती त्यानंतर पोहोचते. किती नंतर, हे जिथून उतरणार त्या गावातल्या कोळ्यांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

तारीख ठरवताना एकादशी किंवा द्वादशीला येणारा रविवार मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे उधाणाचे दिवस नवख्यांसाठी टाळावेत. तेव्हा पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि ओढही जास्त असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी मऊ असते खरे, पण भरती सकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी येते, त्यामुळे वेळ जमत नाही. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तर विचारही करू नये; २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती याच उल्हासच्या पुरात, आणि ते पाणी खाली आपल्याकडेच येते.

आता एका कागदावर चार वेळा लिहाव्यात: तिथली भरती पूर्ण होण्याची वेळ, तिच्या दीड तास आधीची उतरण्याची वेळ, अर्धा तास आधीची मागे वळण्याची वेळ आणि एक तास नंतरची शेवटचा माणूस पायरीवर येण्याची वेळ. असे केले की जाताना तासभर चढते पाणी आपल्याला आत नेते, वळताना ते जवळजवळ थांबलेले असते आणि परतीला दीड तास हाताशी राहतो. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से जातात; म्हणजे चार मीटरचा उतार असेल तर मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी निघून जाते. आम्ही नेमके त्या तासांत परतत होतो. हा कागद नेणाऱ्याच्या खिशात आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्याच्या हातात, असा दोन ठिकाणी हवा. फोनमधला फोटो पुरेसा नाही, कारण पाण्यावर फोन पिशवीत बंद असतो.

माणसे ठरवताना तीन-चार नवख्यांमागे एक अनुभवी हवाच. पोहता येते का, दमा किंवा फिटचा त्रास आहे का, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारावे. सगळ्यांसमोर कोणी खरे सांगत नाही. कयाक आत पाय घालून बसायची नव्हे, तर वरच्या सपाटीवर बसायची घ्यावी, कारण उलटली तरी माणूस तिच्यात अडकत नाही. लाइफ जॅकेट बांधल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत आले तर सैल आहे किंवा मोठे आहे. प्रत्येक जॅकेटला शिट्टी असावी. पायात लेसचे जुने बूट हवेत, चप्पल नको: चिखल ती ओढून घेतो आणि जेट्टीच्या दगडांवरच्या कालवांच्या शिंपल्या तळपाय फाडतात. पंधरा-वीस मीटरचा एक दोर ठेवावा. टोपी, पाणी, खाणे हे सांगायला नको.

मार्ग छोटा ठेवावा. नवखा माणूस तासाला फार तर तीन-चार किलोमीटर वल्हवतो आणि ओहोटीची ओढ सहज तेवढी असू शकते, म्हणजे विरुद्ध दिशेला तो जागच्या जागी राहतो. पुलांचे खांब, नांगरलेले बार्ज आणि कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट यांपासून लांब राहावे. वाहते पाणी माणसाला त्यांच्यावर नेऊन दाबते. जाळ्यांपासून लांब राहण्याला दुसरेही कारण आहे, ते कोणाचे तरी पोट आहे. जेट्टी वापरायची परवानगी आधी विचारून घ्यावी. ऐरोलीकडच्या फ्लेमिंगो अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊच नये. आणि उतरायची जागा ओहोटीच्या वेळी एकदा जाऊन डोळ्यांनी पाहावी. भरतीला पाहिलेली जेट्टी म्हणजे अर्धीच जेट्टी, हे मी पुन्हा सांगतो, कारण मीही ती भरतीलाच पाहिली होती.

सकाळी सर्वांना ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी बोलवावे. उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नये, नाश्ता नंतर. आमचा सारा घोळ मिसळीसाठी थांबलेल्या चाळीस मिनिटांत सुरू झाला. उतरायला ठरल्यापेक्षा अर्धा तास उशीर झाला तर फेरी रद्द करावी, पैसे गेले तरी चालतील. फेरीला निघण्याआधी कमरेइतक्या पाण्यात, पायाखाली घट्ट जमीन असेल तिथे, प्रत्येकाला एकदा मुद्दाम कयाकमधून पाडावे आणि परत चढायला लावावे. घाबरणारा माणूस तिथेच कळतो. त्याला किनाऱ्यावर ठेवण्यात त्याचा अपमान नाही.

पाण्यावर एक अनुभवी पुढे आणि एक सर्वांत मागे असावा, बाकी सगळे त्यांच्या मध्ये. वळायची वेळ झाली की वळावे. "अजून थोडे पुढे जाऊ" असे कोणीतरी म्हणणारच. त्याला कागद दाखवावा. अकरानंतर पश्चिमेचा वारा धरतो आणि उतरत्या पाण्यावर तो समोरून आला की आखूड, उभ्या लाटा उठतात, त्यात नवख्याचा तोल राहत नाही. एवढे करूनही चिखल आडवा आलाच तर कयाकमधून उतरू नये, तिथेच बसून मदत मागवावी. रुतलेल्याने उभे राहून झटापट करू नये, आडवे होऊन अंगाचा भार कयाकवर टाकावा. आणीबाणीला ११२, तटरक्षक दलासाठी १५५४.

वर आल्यावर माथी मोजावीत. किनाऱ्यावरच्या माणसाला सगळे आले असे तोंडी सांगावे. खाडीचे पाणी घाण आहे, खरचटले असेल तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. जॅकेटे गोड्या पाण्याने धुवावीत. वेळांचा कागद फेकू नये. भरती तिथे प्रत्यक्ष किती वाजता थांबली आणि पायरीखालचा चिखल किती वाजता उघडा पडू लागला, ते त्यावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेस तक्त्यातल्या वेळेशी ताडून पाहता येते.