नीट (वैद्यकीय प्रवेश) परीक्षेसाठी किडनी: आकडे पाठ, तरी गुण जातात. या चुका टाळा

उत्सर्जनाचा धडा छोटा आहे आणि वाचताना सोपाही वाटतो. मॉक टेस्टमध्ये मात्र इथेच चार गुण हुकतात आणि वर एक वजा होतो. नावं आणि आकडे पाठ असतात, पण नेफ्रॉनवर (किडनीतली रक्त गाळून मूत्र बनवणारी सूक्ष्म नळी) ते नेमके कुठे बसतात हे डोळ्यांसमोर नसतं, म्हणून घोळ होतो.

सर्वात मोठी चूक हेन्लेच्या लूपमध्ये, म्हणजे नेफ्रॉनच्या ‘यू’ आकाराच्या भागात होते. ‘लूपमध्ये मूत्र संहत (घट्ट) होतं’ असं वाक्य पाठ करून मुलं मोकळी होतात. लूपची उतरती भुजा पाणी बाहेर जाऊ देते, क्षार जवळपास नाहीत. चढत्या भुजेतून क्षार बाहेर जातात, पाण्याला मात्र तिथे वाट नाही. उतारावर पाणी, चढावर मीठ, एवढं लक्षात ठेवा. म्हणजे खाली जाताना गाळलेला द्रव घट्ट होतो आणि वर येताना पुन्हा पातळ. डीसीटीत (लूपनंतरच्या नलिकेत) पोचतो तो पातळ द्रवच! मग लूपचा उपयोग काय? मेड्युलाच्या (किडनीच्या आतल्या भागाच्या) ऊतीत मीठ साठवणं. त्यामुळे कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या थरात) ३०० असलेली ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) आतल्या मेड्युलात १२०० मिलीऑस्मोल प्रति लिटरपर्यंत चढते. शेजारून उलट दिशेने वाहणारी व्हासा रेक्टा (लूपलगतची बारीक रक्तवाहिनी) आणि कलेक्टिंग डक्टमधून (नेफ्रॉन जिच्यात रिकामे होतात ती नलिका) बाहेर येणारा युरिया हा फरक टिकवतात. एडीएच (शरीरात पाणी राखणारं संप्रेरक) असेल तेव्हा कलेक्टिंग डक्टमधलं पाणी या खारट भागाकडे ओढलं जातं आणि मूत्र खऱ्या अर्थाने तिथे संहत होतं, सुरुवातीच्या द्रवाच्या जवळपास चौपट. कॉर्टिकल (बहुतांश कॉर्टेक्समध्येच असलेल्या) नेफ्रॉनचा लूप आखूड असतो आणि व्हासा रेक्टा नसते किंवा नाममात्र असते, हेही याच चित्रात टिपून ठेवा.

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी दोन खास सापळे आहेत. इंग्रजीत अफेरंट आणि इफेरंट पहिल्या अक्षरावरून ओळखता येतात. आपल्याकडे अभिवाही आणि अपवाही दोन्ही ‘अ’नेच सुरू होतात. इथे उपसर्ग पाहा. अभि म्हणजे कडे (अभिमुख), अप म्हणजे दूर (अपहरण). ग्लोमेरुलसकडे (रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ) रक्त आणणारी अभिवाही धमनिका रुंद, तर बाहेर नेणारी अपवाही अरुंद असते. गाळण्यासाठी लागणारा दाब या फरकामुळेच टिकतो. दुसरा सापळा रेनिनचा. किडनीतल्या जेजी पेशींचं (अभिवाही धमनिकेलगतच्या पेशी) रेनिन आणि तान्ह्या बाळाच्या जठरात दूध साकळवणारं रेनिन देवनागरीत सारखंच लिहिलं जातं. प्रश्नात अँजिओटेन्सिन (रेनिनमुळे बनणारं, रक्तदाब वाढवणारं द्रव्य) किंवा रक्तदाब दिसला, तर ते किडनीतलं.

माल्पिघियन बॉडी (ग्लोमेरुलस आणि त्याभोवतीची पेल्यासारखी बोमन्स कॅप्सूल) आणि कीटकांच्या माल्पिघियन नलिका यांचीही गल्लत होते. नाव एकाच शास्त्रज्ञाचं, बाकी काही संबंध नाही.

आकडे सुटे पाठ करू नका, एकमेकांना जोडा. दर मिनिटाला दोन्ही किडन्यांतून मिळून ११०० ते १२०० मिली रक्त जातं, म्हणजे हृदय बाहेर टाकतं त्याच्या सुमारे पाचवा भाग. त्यातून १२५ मिली गाळलं जातं, हाच जीएफआर, म्हणजे गाळण्याचा दर. १२५ ला ६० ने आणि मग २४ ने गुणा, दिवसाचे १८० लिटर येतात. मूत्र जेमतेम १ ते १.५ लिटर, म्हणजे सुमारे ९९ टक्के द्रव परत शोषला जातो. पीसीटीतल्या (बोमन्स कॅप्सूलनंतरच्या नलिकेतल्या) पाणी-क्षारांच्या शोषणासाठी काही संदर्भग्रंथांत ६५ टक्के सापडेल. परीक्षेत एनसीईआरटीचे ७० ते ८० टक्केच धरा.

एडीएच तयार होतं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, त्याखालची पश्च पियुषिका ग्रंथी फक्त ते सोडते. ‘निर्मिती’ विचारली आहे की ‘स्रवण’, तो शब्द अधोरेखित करा. रेनिन-अँजिओटेन्सिनच्या साखळीतून सुटणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडियम आणि पाणी राखून रक्तदाब वाढवतं. हृदयाच्या कर्णिकांतून येणारं एएनएफ हे संप्रेरक त्या साखळीला लगाम घालतं.

तयारी तपासायची तर कोऱ्या कागदावर आधी एक आडवी रेघ मारा: वर कॉर्टेक्स, खाली मेड्युला. पाच मिनिटांत न बघता नेफ्रॉन काढा. माल्पिघियन बॉडी, पीसीटी, डीसीटी रेघेच्या वर. लूप खाली उतरलेला. कलेक्टिंग डक्ट रेघ ओलांडून आतल्या मेड्युलापर्यंत. मग पाणी, सोडियम, युरिया यांचे बाण वेगवेगळ्या रंगांत. चढत्या भुजेतून पाण्याचा बाण बाहेर पडला असेल, तर खाडाखोड न करता नव्या कागदावर पुन्हा काढा.