मायक्रोस्ट्रिप सिम्युलेशन करताय? पोर्ट, मेश आणि मटेरियलच्या या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं फायनल इयरला मायक्रोस्ट्रिप (बोर्डावर वर तांब्याची पट्टी म्हणजे ट्रेस आणि खाली ग्राउंड अशी सिग्नलची लाइन) फिल्टर नाहीतर कपलर घेतात, सिम्युलेशनमध्ये ग्राफ एकदम देखणा येतो आणि बोर्ड बनवून मोजला की भलतंच दिसतं. मग खापर एचिंगवाल्यावर. भावांनो, बऱ्याचदा घोळ मॉडेलमध्येच असतो.

आधी पोर्ट बघा, म्हणजे मॉडेलमध्ये सिग्नल आत-बाहेर जायची खिडकी. वेव्ह पोर्ट ट्रेसच्या रुंदीएवढाच काढलेला फार वेळा दिसतो आणि मला ही सगळ्यात घातक चूक वाटते, कारण सॉफ्टवेअर एरर देत नाही, मुकाट्यानं चुकीचं उत्तर देतं. फील्ड ट्रेसच्या बाजूला आणि वर हवेतही पसरलेली असते, पोर्टची कड म्हणजे कंडक्टरची भिंत, ती जवळ आली की फील्ड तिकडं ओढली जाते आणि इम्पीडन्स बिघडतो. 1.6 मिमी एफआर-4 (नेहमीचं फायबरग्लासचं बोर्ड) वर 50 ओहमचा ट्रेस साधारण 3 मिमीचा होतो, तिथं पोर्ट रुंदीला ट्रेसच्या पाचपट आणि उंचीला सबस्ट्रेटच्या (ट्रेस आणि ग्राउंडमधल्या थराच्या) जाडीच्या सहा-आठपट धरा, खालची कड ग्राउंडला टेकलेली हवी. अवाढव्यही करू नका, त्यात वेव्हगाइडचे नको ते मोड शिरतात. फुल रन लावायच्या आधी नुसता पोर्ट सॉल्व्ह करून इम्पीडन्स 50 ओहमच्या आसपास येतोय का बघा, लगेच होतं.

मेशचं (मॉडेल ज्या बारीक तुकड्यांत कापतात त्या जाळीचं) म्हणाल तर सॉफ्टवेअर दर पासला मेश बारीक करून पुन्हा सॉल्व्ह करतं; दोन पासच्या उत्तरांतला फरक, म्हणजे डेल्टा एस, 0.02 च्या खाली गेला म्हणून लगेच खूश होऊ नका. सॉल्व्ह फ्रिक्वेन्सी (जिच्यावर मेश ठरतो ती) स्टॉपबँडमध्ये, म्हणजे फिल्टर अडवतो त्या पट्ट्यात, ठेवली असेल तर आतल्या रेझोनेटरपर्यंत फील्ड नीट पोचतच नाही, मग कपलिंगच्या फटीत मेश बारीक होणार कसा? ती पासबँडमध्ये, म्हणजे फिल्टर जाऊ देतो त्या पट्ट्यात, घ्या, दोन पास वाढवा आणि पीक सरकतोय का बघा, सरकत असेल तर उत्तर अजून कच्चं आहे.

एफडीटीडी (वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी फील्ड काढायची पद्धत) वापरणाऱ्यांनी मॉडेलमधली एनर्जी पुरेशी खाली जाईपर्यंत, निदान -40 डीबीपर्यंत, रन थांबवू नये, नाहीतर ग्राफवर खोटे रिपल येतात.

आता मटेरियल. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला 4.4 हा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (सिग्नलचा वेग ज्यावर ठरतो तो मटेरियलचा आकडा) डोळे झाकून घेतला आणि हातातलं लॅमिनेट (तांबं चढवलेली शीट) 4.2 चं निघालं, तर 2.4 गिगाहर्ट्झचा स्टब (ट्रेसला जोडलेला फाटा) 2.45 च्या आसपास जाऊन बसतो. त्याच शीटवर एक साधा रिंग रेझोनेटर (कड्यासारखा गोल ट्रेस) काढून मोजा, त्यावरून खरा आकडा काढा आणि मगच फिल्टरची मापं फायनल करा.