चाकांना पेंट की पावडर कोटिंग? आधी रिम उतरवून बघा

गाडी पाच-सहा वर्षांची झाली की चाकांची रया जाते. पेठेतल्या बोळात गाडी लावताना फुटपाथच्या दगडाला रिम घासते, पावसाळ्यात चिखल आठवडाभर तसाच बसून राहतो आणि ब्रेकची काळी भुकटी रंगात जिरते. मग पेंट करायचा की पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर मारून भट्टीत पक्की करणं), हा प्रश्न येतो. बहुतेक जण दर विचारून ठरवतात. माझं म्हणणं, रिमच्या धातूकडे बघून ठरवा.

१. रिम कसली आहे ते ओळखा. लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंडी डिस्क, नाही चिकटला तर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. डिस्क असेल तर फार विचार नको, पावडर कोटिंगच करा. खडी उडाली तरी तो जाड थर सहज टवके धरत नाही. फक्त ब्लास्टिंग, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढणं, झाल्यावर त्याच दिवशी कोटिंग व्हायला हवं. पुण्याच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड काही तासांत तांबूस होतं.

२. अलॉय असेल तर बोट फिरवा. चाक उतरवून, धुऊन, उन्हात धरा आणि कडेवरून नख फिरवा. नख अडकेल इतकी खोल खरचट असेल तर पेंटर तिथे लांबी (पुट्टी) भरतो. पावडर मात्र भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून पक्की होते आणि नेहमीची लांबी तेवढी उष्णता सोसत नाही, फुगते, सुटते. म्हणून लांबी भरावी लागणार असेल तर पेंट. कडा शाबूत असून नुसता रंग गेला असेल तर पावडर.

आतली बाजूही बघा. खड्ड्यात आपटून कड वाकते ती बहुधा आतून. वाकलेली रिम आधी सरळ करून घ्या. तडा दिसला तर ती रिम रंगवूच नका, बदला.

समोरचा भाग लेथवर कापून चकाकता ठेवलेला, म्हणजे डायमंड कट असेल, तर दोन्हींतलं काहीही केलं तरी ती चमक झाकली जाते.

३. दुकानात हे विचारा. पेंट कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे होतो. प्रायमर, रंग आणि टू-के क्लिअर कोट (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर), तिन्ही हात हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर मारू देऊ नका. दमट हवेत चमक पांढुरकी पडू शकते. पुढे ओरखडा आला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते, हा पेंटचा मोठा गुण. पावडरमध्ये ते जमत नाही, बहुधा पूर्ण रिम पुन्हा करावी लागते.

पावडर कोटिंगची वर्कशॉप भोसरी-चिंचवड एमआयडीसीत आहेत, पण तिथे बरंच काम ग्रिल, फर्निचर आणि मशिनच्या पार्टचं चालतं. म्हणून अलॉय केलेत का, हे आधी विचारा. भट्टी किती अंशांवर ठेवता, तेही विचारा. अलॉयची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. भट्टी फार तापली किंवा रिम आत जास्त वेळ राहिली तर ती ताकद कमी होते. पावडर पॉलिएस्टरची घ्या. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते.

आणि नट बसायच्या खोबणी व हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा भाग झाकून मगच पावडर मारा, असं बजावून सांगा. माझ्या गाडीच्या खोबणीतही पावडर गेली होती. नट घट्ट केले होते, पण जाड थर दबत गेला. चार दिवसांनी कात्रज घाटात मागच्या चाकातून टकटक ऐकू आली. गाडी कडेला घेऊन पाना लावला, तर दोन नट जोर न लावता फिरले. घरचे सगळे गाडीत होते. तेव्हापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय मी रिम कुणाच्या हातात देत नाही.

४. परत बसवताना नवे व्हॉल्व घाला, बॅलन्सिंग करा. नट समोरासमोर आळीपाळीने, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसार आवळा. ८०-१०० किलोमीटर झाले की चाकं थंड असताना पुन्हा एकदा तपासा. पुढे धुताना साधा शाम्पू वापरा. रिम चकचकीत करणारं ॲसिड कुणालाही लावू देऊ नका.